सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र : नान्नजचा माळ पायी पाहावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय : नान्नजच्या माळरानावरील एकदिवसीय निसर्गसहली

सोलापूर–बार्शी रस्त्यावर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नज हे गाव आहे. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा आणि वडाळा या उत्तर सोलापूर तालुक्यातील गावांच्या शिवारांत गवताळ माळाचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. त्यांच्या चारी बाजूंना ऊस, द्राक्षबागा, वाढती घरे, डांबरी रस्ते आणि विजेच्या तारा आहेत. पाण्याने नव्हे, शेतीने वेढलेली ही बेटे आहेत. सकाळी सोलापुरातून निघावे, दिवसभर संथपणे हिंडावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढ्या अंतरावर इतकी निवांत जागा जिल्ह्यात दुसरी नाही. तिथे माणसांनी यावे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही; माणसे येतातच. ती किती यावीत, कोणत्या महिन्यांत यावीत आणि चाकांवर यावीत की पायी, एवढेच ठरवायचे राहिले आहे.

पाण्यातल्या बेटाला एक सोय आपोआप मिळते. जितक्या होड्या तितकीच माणसे. सिंगापूरसारख्या दाटीवाटीच्या शहराला लागून पुलाऊ उबिन नावाचे बेट आहे. तिथे जाणाऱ्या लाकडी होडीत बारा उतारू बसतात आणि होडी भरेपर्यंत धक्क्यावर थांबावे लागते. बेटावर लोक पायी किंवा सायकलवर फिरतात. त्याच्या पूर्व टोकाचा चेक जावा हा ओहोटीला उघडा पडणारा किनारा भराव टाकून बुजवायचा, असे ठरले होते. नागरिकांनी आणि अभ्यासकांनी तिथले जीवन नोंदवून शासनासमोर ठेवले आणि २००१च्या डिसेंबरात भरावाचे काम पुढे ढकलले गेले. पुढे तिथे पायवाट बांधली गेली. सोलापूरच्या बाजूला असे पाण्याचे बेट शोधायचे तर शहरातच सिद्धेश्वर तलावातले मंदिर आहे. पण तिथे श्रद्धेची गर्दी असते आणि ती तशीच असणार. दुसरा पर्याय उजनीच्या जलाशयाचा. १९८०च्या सुमारास भीमेवर पूर्ण झालेल्या या धरणाचा फुगवटा करमाळा, इंदापूर आणि दौंडपर्यंत पसरला आहे. हिवाळ्यात भिगवण आणि कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी येतात, आणि पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. जलपर्यटनाचे बेत उजनीवरच आखले जातात, यात नवल नाही. मात्र मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. या पाण्यावर माणसे नेण्याआधी सुरक्षेची व्यवस्था पक्की हवी, आणि तिला वेळ व पैसा दोन्ही लागतील. नान्नजला यातले काही लागत नाही. तिथे लागणारी गोष्ट उलट्या प्रकारची आहे : माळाभोवती पाणी नसल्यामुळे येणाऱ्यांची मोजदाद होडी करत नाही, ती कोणीतरी करावी लागते.

माळ म्हणजे काही न उगवलेली जमीन, हा समज सरकारी दप्तरातही मुरला आहे. प्रत्यक्षात तो एक पूर्ण अधिवास आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर आणि त्यावर सोलापूरचा बेभरवशाचा, बहुतेक वर्षी सप्टेंबरात जोर धरणारा पाऊस. या परिस्थितीत मोठी झाडे दाट वाढत नाहीत, गवत वाढते. पवन्या, मारवेल, कुसळी ही त्यातली ओळखीची नावे. मधूनच बोर, हिवर, बाभूळ, तरवडाची झुडपे. गवताचा बहुतेक जीव जमिनीखाली असतो. वरचा भाग जनावरांनी खाल्ला किंवा उन्हाने वाळवला तरी मुळे टिकतात आणि पहिल्या पावसाबरोबर पाते पुन्हा वर येते. शतकानुशतके काळविटांचे कळप आणि धनगरांची मेंढरे या गवतावर जगली. थोडी चराई झाली की काही भाग आखूड राहतो, काही उंच, आणि दोन्ही प्रकारचे गवत वेगवेगळ्या जिवांना हवे असते. चराई मुळीच नको आणि हवी तेवढी असू दे, या दोन्ही टोकांना माळ बिघडतो. चराईबंदीचा फलक लावून जबाबदारी संपली असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

या माळाला सरकारी संरक्षण मिळाले ते एका पक्ष्यामुळे. १९७०च्या दशकात सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज परिसरातल्या माळढोकांकडे लक्ष वेधले, आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, रस्ते, सगळेच आले. परिणाम असा झाला की हजारो शेतकऱ्यांना जमिनीच्या व्यवहारात आणि बांधकामात अडचणी आल्या आणि ज्या पक्ष्याला त्यांनी कधी त्रास दिला नव्हता त्याच्याबद्दल मनात अढी बसली. पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणले गेले. कागदावरचे अभयारण्य मोठे आणि जमिनीवरचे गवत थोडे, ही विसंगती मात्र पहिल्यापासून होती. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात कुंपण घालून राखलेले काही तुकडे हाच खरा गाभा. त्यांतल्या काहींवर तेव्हाच्या समजुतीप्रमाणे गिरिपुष्पाची लागवड झाली. गवताच्या जागी झाडी आली आणि उघड्या मैदानात लांबवर पाहत फिरणाऱ्या माळढोकाला ती जागा परकी झाली. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या माळढोकांचा अभ्यास केला. नंतर याच भागातल्या लांडग्यांवरही महत्त्वाचे संशोधन झाले. भारतीय लांडगा जंगलात नव्हे, माळ आणि शेतीच्या सीमेवर कसा जगतो, हे समजण्यात सोलापूरचा वाटा मोठा आहे. सोलापूरकरांना याची फारशी कल्पना नसते.

माळढोकाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. साधारण मीटरभर उंचीचा, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाणारा हा पक्षी आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचे नीट दिसत नसल्यामुळे उडताना तो तारांवर आदळतो. देशभरात त्याची संख्या दोनशेच्याही खाली गेली आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते. तेव्हा माळढोक दाखवतो असे सांगून सहली काढणे ही फसवणूक ठरेल, आणि तो खरेच दिसला तर त्याच्यामागे धावणाऱ्या गाड्यांमुळे ते आणखी वाईट. सहलीच्या पत्रकावर त्याचे चित्र छापू नये. नाव अभयारण्याचे आहे, तेवढे पुरे.

मग लोकांनी तिथे पाहायचे काय? भरपूर. फक्त चाल हळू हवी.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास वर येतो. त्या वेळी माळावर असावे. दव पडलेले गवत पिवळसर दिसते आणि त्यात उभे असलेले काळवीट चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. नराचा रंग गडद होत काळ्याकडे गेलेला, शिंगे पीळदार. माद्या आणि तरुण नर तांबूस. नर आपली हद्द राखतो आणि ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो. असे ढीग पाहिले की माळ त्याच्या दृष्टीने कसा वाटलेला आहे ते कळते. पायाखाली पाहत चालले तर आणखी सापडते : लांडग्याच्या केसाळ विष्ठेत काय आहे, खोकडाचे बीळ ताजे की जुने, शेणकिड्यांनी शेणाचे काय केले. गाडीच्या खिडकीतून यांतले काहीच दिसत नाही. सूर्य जरा वर आला की पखुर्ड्या पाण्यावर येतात. हे पक्षी ठरलेल्या वेळी जोडीने किंवा थव्याने उडत येतात, झटपट पाणी पितात आणि निघून जातात. पिलांच्या काळात नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून दूरवरच्या पिलांना पाणी पाजतो. पाणवठ्याजवळ पाच-सहा माणसे गप्प बसली तर पखुर्ड्या येतात. पंधरा बोलकी माणसे उभी असली तर त्या डोक्यावरून घिरटी घालून तहानलेल्याच परततात. गटाचा आकार ठरवायला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

दहानंतर उन्हाची तिरीप वाढते आणि हालचाल मंदावते. हा वेळ निरीक्षण मनोऱ्याच्या सावलीत बसण्याचा. तिथून आकाश पाहावे. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेले भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून तरंगत जातात. नाकतोडे, छोटे पक्षी, उंदीर हे त्यांचे भक्ष्य. शिकार हेरण्यासाठी त्यांना गवत लागते आणि रात्री निजायलाही गवतच. ते झाडावर नव्हे, जमिनीवर रात्र काढतात. उंच गवत शिल्लक असलेल्या तुकड्यात संध्याकाळी ते एकेक करून उतरताना दिसतात. चंडोल आणि डोंबारी हे त्या मानाने साधे दिसणारे पक्षी. पण डोंबारीचा नर विणीच्या दिवसांत हवेत वर चढून मग कोलांटी घेत खाली येतो, तेव्हा त्याला हे नाव का पडले ते वेगळे सांगावे लागत नाही. उघड्या मुरमावर धाविक दिसतो. चार पावले पळायचे, थांबायचे, पुन्हा पळायचे. त्याला पाहायचे तर पाहणाऱ्यानेही थांबत थांबतच चालावे लागते.

दुपारी गावात यावे. नान्नजची दुसरी ओळख द्राक्षांची आहे. नानासाहेब काळे यांनी इथल्याच बागेत निवडलेले सोनाका हे वाण राज्यभर पोहोचले. हिवाळ्यात शाळू हुरड्यावर येतो, तेव्हा हुरडा, शेंगाचटणी, गूळ आणि ताक एवढे जेवण पाहुण्याला पुरे होते. भाकरी-चटणी सोलापुरात शोधावी लागत नाही, पण शेतावर बसून खाल्लेल्या जेवणाचे पैसे थेट त्या घरात जातात. रब्बी ज्वारीचे शेत पक्ष्यांच्या दृष्टीनेही माळाचाच शेजार आहे. कोरडवाहू ज्वारी, हरभरा, करडई असलेल्या शिवारात भोवत्या आणि चंडोल फिरतात. उसाच्या फडात त्यांना जागा नाही. जिल्ह्यातली साखर कारखान्यांची दाटी आणि कालव्याने आलेले पाणी यांनी गवताइतकाच ज्वारीचाही माळ मागे रेटला. म्हणून हुरड्याला येणारा शहरी पाहुणा, त्याच्या नकळत का होईना, कोरडवाहू शेती टिकवायला हातभार लावतो.

परतीच्या वाटेवर थोडा वळसा घेऊन तुळजापूर रस्त्याकडचा हिप्परगा तलाव गाठता येतो. एकोणिसाव्या शतकात आदिला नदीवर बांधलेल्या या एकरुख जलाशयावर हिवाळ्यात बदके, पाणलावे आणि काही वर्षी हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब उतरतात. तिथे काठावर उभे राहून दुर्बिणीतून पाहावे, एवढेच. बोटिंगची कल्पना अधूनमधून निघते. हिवाळ्यापुरती तरी ती बाजूला ठेवावी.

हंगामाचा प्रश्न थोडा अवघड आहे. माळ सर्वांत सुंदर दिसतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. सगळीकडे हिरवे, रानफुले, गवताला फुलोरा. पण नेमका हाच काळ जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आहे. माळढोकाची वीणही पावसाळ्यातलीच. पायाखाली अंडे कधी फुटले ते कळतही नाही, इतकी ती मुरमात बेमालूम मिसळून जातात. कॅमेऱ्याला हवा असलेला हंगाम आणि माळाला हवी असलेली शांतता इथे एकमेकांच्या आड येतात, आणि अशा वेळी कॅमेऱ्याने माघार घ्यायला हवी. पावसाळ्यात गाभ्याचा भाग सर्वांसाठी बंद असावा. अगदी कोणी पाहायचेच ठरवले तर रस्त्यावरून. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सहलींचा योग्य काळ. मार्चपासून ऊन असे तापते की प्रश्नच मिटतो.

गर्दी झाल्यावर काय होते ते महाराष्ट्राने कासच्या पठारावर पाहिले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत कासची नोंद झाली, लोकांचे लोंढे सुरू झाले आणि फुले पायदळी गेली. मग दिवसाला येणाऱ्यांची संख्या ठरवावी लागली, आगाऊ नोंदणी आली, आसपासच्या गावांच्या समित्यांनी व्यवस्था हाती घेतली. आधी नासधूस आणि मग नियम, हा क्रम नान्नजला उलटा करता येईल. इंदापूरजवळच्या कडबनवाडीला आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला पुणे वनविभागाने नोंदणी करून, स्थानिक वाटाड्यांसह गवताळ प्रदेशाच्या सफारी सुरू केल्या आहेत. वाटाड्यांची पद्धत तिथून जरूर घ्यावी. गाड्या मात्र घेऊ नयेत. नान्नजचे तुकडे लहान आहेत आणि जीपच्या चाकोऱ्या एका पावसाळ्यात ओघळ बनतात. शिवाय लहान तुकड्यात गाडी शिरली की काळविटांना पळायला शेताशिवाय जागा राहत नाही.

आणि काळवीट शेतात जाणे ही गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे, ती खरीही आहे. रात्रीत कळप उगवलेले पीक खातो; भरपाई मिळते तेव्हा उशिरा मिळते. शहरातल्या माणसाला जो प्राणी पाहायला रविवारची सुट्टी काढावी लागते तो शेतकऱ्याला दररोज नको इतका दिसतो. या विसंगतीवर भाषणांनी काही होणार नाही, पैशाने थोडे होईल. वाटाडे याच गावांतली तरुण मुले-मुली असावीत. धनगर कुटुंबांतली असतील तर अधिकच चांगले, कारण लांडग्याच्या वाटा त्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहेत. जेवण गावातल्या बचत गटांकडे असावे. प्रवेशशुल्काचा ठरलेला हिस्सा ग्रामपंचायतीकडे यावा आणि त्याचा हिशेब चावडीवर लागावा.

अभयारण्याचा कारभार वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडे आहे, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे नाही. तरीही तीन गोष्टी जिल्हा प्रशासनाच्या हातात आहेत. पहिली, जिल्हा नियोजनातून मिळणारा निधी. नान्नजसाठी तो सिमेंटचे प्रवेशद्वार, बाग, सेल्फी पॉइंट यांवर खर्च होऊ नये. वाटाड्यांचे प्रशिक्षण, दुर्बिणी, स्वच्छतागृह आणि बार्शी रस्त्यावरून येणाऱ्या एसटीला सकाळी सोयीची वेळ एवढ्यावर व्हावा. एका वाटाड्याबरोबर सहा ते आठ जण आणि दिवसाला ठरावीक गट, हे वनविभागाशी बसून ठरवता येईल. ड्रोन, मोठ्या आवाजातली गाणी आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर वाजवलेले त्यांचेच आवाज यांना सरसकट बंदी असावी. दुसरी, वृक्षारोपणाचा उत्साह. २०१९मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट होते. अशा मोहिमांत मोकळी जागा दिसली की खड्डे घेतले जातात. शाळा, कंपन्या आणि मंडळे माळावर रोपे लावायला येतात ती चांगल्या भावनेने, पण माळावर लावलेले झाड हे तिथल्या जिवांसाठी अतिक्रमणच असते. त्यांना शहरातल्या उघड्या रस्त्यांकडे वळवावे. सोलापूरच्या उन्हात सावलीची गरज तिथे जास्त आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती पूर्णपणे महसूल खात्याच्या अखत्यारीत आहे : गायराने आणि सरकारी पडीक जमिनी. कुंपणातले तुकडे एकमेकांपासून दूर आहेत आणि काळवीट, लांडगा, खोकड हे मधल्या गायरानांवरूनच एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात. अशाच जमिनी आज सौर प्रकल्पांसाठी मागितल्या जात आहेत, कारण सातबाऱ्यावर त्या रिकाम्या दिसतात. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठीची योजना चांगलीच आहे. तिला जागाही द्यावी लागेल. पण उत्तर सोलापूर तालुक्यातले गायरान भाड्याने देण्याआधी त्यावर गवत आहे का, ते दोन संरक्षित तुकड्यांमध्ये येते का आणि त्यावरून कोणते प्राणी जातात, याची पाहणी वनविभागाकडून करून घ्यावी. ही पाहणी एका हिवाळ्यात होऊ शकते. ती करण्यासाठी नान्नज, मार्डी आणि अकोलेकाटीची माळावर वाढलेली माणसे सोबत घ्यावीत, आणि तिचा अहवाल तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा. अहवाल होईपर्यंत या गावांतल्या गायरानांचे नवे प्रस्ताव थांबवावेत, ही विनंती.

कळावे,
सोलापूरचा एक नागरिक